बांधलेली मान

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: "तांत्रिक नको, लोकांना झेपेल असं लिहा." घोड्याच्या बाबतीत लोकांना काय झेपतं याचा मला पुरेसा अनुभव आहे. राजोडीच्या किनाऱ्यावर मी एखादं कोवळं जनावर दोरीवर फिरवत असलो की येणारा-जाणारा दोनच प्रश्न विचारतो, "नाचतो का?" आणि "फेरीचे किती?" थोडं वाचलेला कोणी असेल तर तो चिमाजीअप्पांच्या घोडदळावर येतो. त्याला सांगावं लागतं की बाबा रे, १७३९ साली वसईचा तट पडला तो सुरुंगांनी. घोडा तटाला धडकवून किल्ले पडत नसतात. तेवढ्यात त्याला सेल्फी काढायचा असतो.

नवे घोडे शिकवणं हा माझा धंदा. पूर्वी अशा माणसाला चाबुकस्वार म्हणत. पाठीवर बसण्याच्या कितीतरी आधी नव्या घोड्याला कावा द्यायचा असतो. माणूस मधे उभा, हातात लांब दोरी आणि घोडा भोवती फिरतोय, एवढाच प्रकार. दोरी आठ-दहा मीटर तरी हवी. वर्तुळ त्याहून लहान झालं की कोवळ्या सांध्यांची आतली बाजू मार खाते. दोरी लगामाच्या कडीला नाही, नाकावरच्या पट्ट्याला लावायची. त्याला कॅव्हेसन म्हणतात. वाळू ओहोटीनंतरची ओली, दबलेली बघायची. वरच्या अंगाची भुसभुशीत वाळू दिसायला मऊ, पण तिच्यात पाय रुतून नळीमागचे स्नायुबंध ओढले जातात. बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही, तो कंटाळून वडापावच्या गाडीकडे वळतो. घोडा मात्र चाल, दुडकी आणि थांबणं शब्दावर शिकतो ते इथेच.

आता थोडं शरीरशास्त्र. संपादकांनी माफ करावं. आपल्या खांद्याला पुढून हासळीच्या हाडाचा टेकू असतो, घोड्याला तो नसतो. त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मधे नुसत्या स्नायूंच्या झोळीत लटकलेली असते. पाठीवर माणूस बसला की झोळी खाली दबते, पाठ खोलगट होते आणि मान वर जाते. उलट, कानांच्या मागून खांद्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि तिथून पुढे पाठीवर गेलेला एक जाड बंध असतो. घोड्याने आपण होऊन मान पुढे आणि खाली सोडली की तो ताणला जातो आणि पाठ वर उचलायला मदत होते. हे सगळं खरं आहे, आणि घोळही इथूनच सुरू होतो. मान खाली गेल्याने पाठ सुधारते ना, मग मान बांधूनच टाका, असा हिशोब लोक करतात.

बांधायची साधनं पुष्कळ. साइड रेन म्हणजे लगामाच्या दोन्ही कड्यांपासून पोटपट्ट्यापर्यंतचे दोन पट्टे. शांबों फ्रेंच; त्याची दोरी पोटपट्ट्यापासून पुढच्या पायांमधून वर, कानांमागच्या पट्टीतल्या कड्यांतून, मग खाली लगामाला. मान उचलली तर दाब, खाली सोडली तर नाही. हा लावून स्वारी करायची नसते, पण पार्सलवर तसं लिहिलेलं नसतं. नेल्सन पेसोआ या ब्राझिलियन स्वाराच्या नावाचा संच तर मागच्या मांड्यांभोवतूनही फिरतो. आणि ड्रॉ रेन: एक टोक पोटपट्ट्याला, मधे लगामाची कडी, दुसरं टोक स्वाराच्या हातात. ही कप्पीच झाली. हाताने ओढलं त्याच्या जवळपास दुप्पट जोर तोंडावर पडतो. न्यूकासलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या नावावर ती जमा आहे. इंग्लंडमधल्या यादवीत हरून तो अँटवर्पला जाऊन राहिला आणि १६५८ साली तिथे त्याचा अश्वविद्येवरचा मोठा ग्रंथ निघाला. पुढच्या शतकात फ्रान्सच्या ला गेरिनिएरने १७३३च्या ग्रंथात दुसरा रस्ता दाखवला. घोड्याचा खांदा किंचित आत घेऊन त्याला तिरकं चालवा, तो आपोआप मऊ होतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ड्यूकची दोरी अजून विकली जाते.

साइड रेन मी स्वतः वापरतो. उगीच साधूपणाचा आव कशाला? पण घोडा आधी मोकळा पुढे चालायला शिकलेला हवा, अंग गरम झालेलं हवं, आणि वापर मुख्यतः दुडकीतच हवा. दुडकीत डोकं स्थिर असतं. चालीत आणि चौफेर धावण्यात ते प्रत्येक पावलाला मागेपुढे होतं, तिथे बांधलेला पट्टा दर पावलाला तोंडावर आदळतो. लांबी एवढी की नाक कपाळातून खाली सोडलेल्या उभ्या रेषेच्या पुढेच राहील. आवळलेल्या पट्ट्यांत उभा घोडा मागे सरकला, तर सुटकेसाठी तो मागच्या पायांवर उठतो आणि कधी उताणा पडतो.

माझ्या धंद्यातला खरा वाद दोरी लांब की आखूड हा नाहीच. घोडा दाब आल्याने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. हाताला कळतं की आत्ता ऐकलंन्, आता सोडायचं. त्या क्षणाला चुकलं की धडा चुकला. बांधलेल्या दोरीला हे कळत नाही. जर्मन पद्धतीचे लोक म्हणतात, घोडा नमला की दोरी आपोआप सैल होते, म्हणजे सोडलीच की. मान्य. पण घोडा हुशार असतो. पुढे ताणून सुटण्यापेक्षा हनुवटी छातीकडे दुमडून सुटणं त्याला सोपं पडतं. पट्टा सैल झाला, बघणाऱ्याला गोल मान दिसली, आणि पाठ होती तिथेच राहिली. त्यात कपाळ पुढे आल्याने घोड्याला समोरचंही धड दिसत नाही. युरोपात यावर वर्षानुवर्षं रणं माजली. शेवटी आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१० साली लोझानच्या बैठकीत जबरदस्तीने मान दुमडणं अमान्य ठरवलं. त्याच दमात 'खाली, खोल आणि गोल' अशा नावाने सौम्य प्रकाराला मुभाही ठेवली. सौम्यपणा कुठे संपतो हे सरावाच्या मैदानावर उभ्या स्टुअर्डने ठरवायचं. असला निवाडा आमच्या गावकीतही देतात.

२०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२नंतर थेट तेव्हा आलं, आणि चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. अभिमान वाटलाच. पण त्यानंतर पालक फोटो दाखवून म्हणू लागले, "सर, अशी मान हवी." त्या चौघांनी युरोपात राहून घोड्यांवर काय मेहनत घेतली होती, ते फोटोत दिसत नाही.

पावसाळ्याआधी विरारहून एक मारवाडी घोडी आली, तिचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून घेतलेली, पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा. तापीकाठच्या त्या बाजारात लोक भोवरे मोजतात, शुभ मानलेला देवमण शोधतात, कानांची टोकं जुळतात का बघतात. तोंड उघडून बघणारा विरळा. मालक विशीतला मुलगा. "चार वर्षांची आहे सर, रोज बसतो मी," म्हणाला. मी ओठ वर केला. खालचे-वरचे मधले दोन-दोनच दात पक्के, शेजारचे अजून दुधाचे, पांढरेशुभ्र आणि आखूड. घोड्याचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. म्हणजे साडेतीनचीही नव्हती. पाठीचे मणके पक्के व्हायला तर पाच-सहा वर्षं लागतात. पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर, जिथे लगामाची सळई टेकते, तिथे दोन्ही बाजूंना घट्टे.

त्याने साइड रेन शेवटच्या भोकापर्यंत आवळून तिला फिरवलं होतं, वर ड्रॉ रेन घालून स्वारी केली होती. शिकला होता मोबाइलवर बघून. लगामाला नुसता हात लागला की घोडी हनुवटी छातीला टेकवायची. "बघा ना, काय डौल आहे!" डौल कसला, ती लगामापासून लपत होती. ओढलं तरी ओढ पोहोचत नव्हती, म्हणूनच कळंबच्या किनाऱ्यावर ती त्याला घेऊन सुसाट सुटली होती. तेव्हा कुठे त्याने मला फोन केला.

मी लगाम काढून ठेवला. कॅव्हेसन, लांब दोरी, मोठं वर्तुळ आणि बराचसा वेळ नुसती चाल. आता ती चालीत मान सोडते, फुरफुरते, पाठ हलते. दुडकीतही बहुतेकदा ठीक. पण सळई तोंडात दिली की दुसऱ्या क्षणाला मान दुमडते. हे पुसलं जाईल का? आमच्यातले काही जण छातीठोकपणे हो म्हणतात. मला तेवढी खात्री देता येत नाही.

दोष एकट्या मुलाला देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वरातीच्या घोड्याची मान आखडून बांधलेली असते, कानाशी बेंजो वाजत असतो, आणि बिचारा जागच्या जागी पाय उचलतो त्याला आपण नाच म्हणून नोटा ओवाळतो. काटेरी लगामाला केंद्राच्या १९६५च्या नियमांनीच बंदी आहे. तरी तो कुठे मिळतो हे कोणालाही विचारा, पत्ता मिळेल. घोडा वरातीतच उभा राहणार असेल तर पाठ वर आली काय आणि खाली गेली काय, असा प्रश्न मला एका मित्राने विचारला. त्याला देण्यासारखं पटेल असं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

मुलाला आता घोडी परत सारंगखेड्याला नेऊन विकायची आहे. मी त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाला सांग, लगाम न घालता नुसत्या मोहरकीवर हिला दुडकीत पळवून बघा, मग लगाम घाला आणि फरक बघा, दात तपासा, दोन वर्षं पाठीवर बसू नका. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "मान अशी वळवते म्हणूनच तर भाव येणारे."