येळवशीची भज्जी

मार्गशीर्षातील अमावस्येला बीदर-कलबुर्गीकडील गावे ओस पडतात आणि रानेच माणसांनी गजबजतात. कानडीतील 'एळ्ळ अमावास्या' म्हणजे तिळाची अमावस्या. आम्हा मराठी माणसांच्या तोंडी तिची 'येळवस' झाली. रानात कडब्याची खोप रचून पाच पांडव पुजावेत आणि भज्जीला बसावे.

भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नये. आदल्या रात्रीच चुलीवर हंडी चढते. ओली तूर, वाल, वाटाणा, हरभरा, गाजर, वांगे आणि हिरव्या पालेभाज्या मंद जाळावर शिजतात. चिंचेचा कोळ पडतो आणि बेसनाने रस दाटतो. जाळ उतावीळ झाला, तर बेसन तळाशी लागते. सोबत बाजरीची भाकरी नि मडक्यातील ज्वारीची आंबील.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. तरी सीमेच्या दोन्ही अंगांना त्याच दिवशी हीच हंडी चढते. आता मुले शहरांत गेली, येळवशीलाही येईनात. भज्जीची कृती पत्राने कळविता येईल. रानातील पंगत कशी कळवावी? यंदा त्यांना चार दिवस आधीच बोलावून घ्यावे.