बिनडोक

'बिनडोक' ही आपल्याकडे शिवी समजली जाते. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला तारामाशाची थोडी माहिती आहे त्याने तरी हा शब्द जपून वापरावा.

नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. सी-अर्चिन आणि समुद्रकाकडी हे याचे भाऊबंद, कुळ कंटकचर्मी. याला मेंदू नाही, रक्तही नाही. समुद्राचेच पाणी अंगातल्या नळ्यांतून खेळवायचे आणि त्याच्या दाबावर शेकडो चिमुकले पाय हलवायचे, असा याचा कारभार. हात बहुधा पाच आणि प्रत्येकाच्या टोकाला एक साधासा डोळा. घरात कर्ता पुरुष कोणीच नाही! तरी स्वारी चालते. ज्या हाताला भक्ष्याचा सुगावा लागतो तो पुढे होतो, बाकीचे मुकाट्याने मागून येतात. उद्या दुसऱ्याला लागला की तो पुढे. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे असते, ते पाचही हातांना जोडून ठेवते. ते छेदले की हातांचा मेळ संपला.

आम्ही भावंडेही पाच. वडील गेले तेव्हा समाचाराला येणारा प्रत्येक जण म्हणे, "घराचं डोकं गेलं हो!" तेराव्यानंतर प्रश्न निघाला, आईने कुठे राहायचे? पाच जणांनी पाच गावे सुचवली. तिकीट मात्र एकानेही काढले नाही. आई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडीत होती. तिला सारे ऐकू जात होते.

२०२३ साली शास्त्रज्ञांनी तारामाशाची जनुके तपासली. इतर प्राण्यांत डोके घडवणारी जनुके याच्या अंगभर जागी दिसली. धड घडवणारी जवळजवळ नाहीतच. म्हणजे हा प्राणी बिनडोक नव्हे, सगळा डोकेच आहे! अगदी आमच्या घरासारखा.

पण डोकी असून भागत नाही. २०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका रोगाने अब्जावधी तारामासे गेले. त्यामागचा एक जीवाणू २०२५ साली सापडला. या रोगात हात गळून पडतात आणि तुटलेला हात काही वेळ एकटाच चालत राहतो. हे वाचले आणि अंगावर काटा आला. चालतो खरा, पण जातो कुठे?

आमच्याकडे सुगावा लागला तो धाकट्या बहिणीला. आई रात्रीची जेवत नाही, हे तिच्याच ध्यानात आले. कोणाला न विचारता ती आईची पिशवी भरू लागली. मग एकाने डॉक्टरांचे पाहिले, दुसऱ्याने औषधांचे. पावसाळ्यात थोरल्या भावाने आईला आपल्याकडे नेले. पुढच्या खेपेस मी.

"आई हल्ली कोणाकडे असतात?" असे अजून लोक विचारतात. आमच्यातला कोणीही भेटो, उत्तर एकच मिळते, "आमच्याकडे."