पूर्णा जंक्शनचा फलाट

नातवंडाला घेऊन एका दिवसाच्या सहलीस निघणाऱ्या आजी-आजोबांनो, माझ्या सहाव्या वर्षातील एक आठवण सांगतो.

अण्णा मला हिंगोलीहून मीटरगेजच्या गाडीने, पूर्णा येथे गाडी बदलून, नांदेडला घेऊन गेले होते. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेला सचखंड गुरुद्वारा पाहून माझे भान हरपले. लंगरची पंगत मात्र चुकली; मला आधी गोदावरी पाहायची होती. अण्णांनी सकाळीच मधुमेहाची गोळी घेतली होती.

परतताना पूर्णा जंक्शनच्या फलाटावर त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि ते मला काकांच्या नावाने हाक मारू लागले. घाबरून मी आईसाठी कागदात बांधून घेतलेला कडा प्रसाद त्यांच्या तोंडाशी धरला. सहा वर्षांच्या पोराला दुसरे काय सुचणार? काही वेळाने त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

रक्तातील साखर उतरली होती, हे मला वैद्यकीय शिक्षण घेताना उमगले. तुपामुळे प्रसादातील साखर सावकाश भिनते. म्हणून आपण जवळ साखरेची पुडीच ठेवावी. चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, मग जेवावे. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुडी कोणत्या खिशात आहे, हे नातवंडाला निघण्यापूर्वीच दाखवावे.

घरी आल्यावर अण्णांनी आईला एवढेच सांगितले, की प्रसाद पोराने वाटेतच संपवला.