गच्चीवरचा पाऊस

मी जळगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हवामान बदलते आहे, पाऊस थोड्या दिवसांत जोराने कोसळतो, असे वर्गात सांगितले की मुले नुसती मान डोलावत. म्हणून गेल्या जुलैत मी नववीच्या वर्गाला पाऊस मोजायला लावले.

सरळ बाजूंचा एक डबा गच्चीवर ठेवला. रोज सकाळी मुले त्यात पट्टी उभी धरून पाणी मोजत. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आमची गच्ची 200 चौरस मीटर. एका रात्री 25 मिलिमीटर पाऊस झाला. गुणाकार केला, तर 5,000 लिटर! सारे गटारात गेले होते.

एक मुलगी म्हणाली, "सर, माझी अम्मी रोज 10 हंडे पाणी आणते." हंडा 15 लिटरचा धरून तिनेच भागाकार केला. 33 दिवसांचे पाणी!

मग मी धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याची हकिकत सांगितली. साक्री तालुक्यातील या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्यासोबत सुमारे 400 हेक्टर जंगल राखले, बांध घालून पाणी जमिनीत मुरवले. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

"त्यांच्याकडे डोंगर, आपल्याकडे गच्ची," मागच्या बाकावरून आवाज आला.

आम्ही गच्चीच्या पाण्याला पाइप जोडला. वाळू-खडीतून गाळून ते आवारातील कोरड्या विहिरीत सोडले. दर सोमवारी मुले दगड बांधलेला दोर आत सोडत. तो कोरडाच येई. ऑगस्टच्या अखेरीस टोक ओले आले, चार बोटे.