आचार्य, आचारी आणि रात्रभराची बांधणी

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद मराठीच्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. संगणकाला मात्र तो सांगावा लागतो. लिब्रेऑफिसमध्ये अक्षरमांडणीची यंत्रणा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर पूर्वी वेगवेगळी होती. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून हार्फबझ सर्वत्र आले. हा आडवा र आपल्या टंकात कसा उमटतो, हे मुळाशी जाऊन पाहण्यासाठी आम्ही भुसावळातले चौघे तो सारा प्रकल्प घरच्या यंत्रावर बांधायला बसलो.

पहिली बांधणी रात्रभर चालली. मध्येच वीज गेली (दीपनगरचे औष्णिक केंद्र गावाशेजारी असूनही ती जाते!), तेव्हा झालेले काम तेवढे शाबूत राहिले. या विलंबाचे मूळ सी प्लस प्लस या भाषेच्या रीतीत आहे. तिथे प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे यंत्रभाषेत उतरते आणि त्याआधी तिने मागितलेली प्रत्येक हेडर फाइल जशीच्या तशी तिच्या मजकुरात ओतली जाते. पोथीच्या नकलनविसाने दर अध्यायाआधी सगळी प्रस्तावना पुन्हा लिहावी, तसेच हे. बहुतेकांनी मागितलेल्या हेडरमध्ये एक ओळ बदलली, की हजारो अध्यायांची नक्कल नव्याने.

अँड्र्यू ट्रिजेल यांचे सीकॅश यावर साधी युक्ती करते: ओतून झालेला मजकूर पूर्वीचाच असेल, तर पूर्वीचेच फळ काढून देते. दुसरी बांधणी त्यामुळे खूपच लवकर उरकली. काम अनेक यंत्रांत वाटणारे डिस्टसीसी आमच्या दोन जुन्या यंत्रांना फारसे मानवले नाही. आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो संपादकी उपाय. जिथे वर्गाचे नुसते नाव पुरते, तिथे त्याचे हेडर मागवू नये. लिब्रेऑफिसचे स्वयंसेवक असे अनावश्यक उल्लेख वर्षानुवर्षे खुडत आले आहेत. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पाठचिकित्सेलाही कोठे वाजतात?

चौघांपैकी दोघे पहिल्या रात्रीनंतर आलेच नाहीत. मराठीची अडचण ज्यांना रोज टोचते, त्यांच्याकडे बहुधा अशीच जुनी यंत्रे असतात. उरलेल्या आम्हां दोघांना आता एक फाइल बदलून निकाल पाहायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. सध्या ‘वाऱ्यावर’ तपासतो आहोत.