हजेरीपटावर नसलेली नावे

शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे एक नाव असते आणि मैदानावर दुसरे. जाड मुलगा ‘हत्ती’ होतो, चष्मेवाला ‘बॅटरी’ होतो, वडील उत्तर प्रदेशातून आलेले असले की मुलगा ‘भैया’ होतो. शिक्षकांच्या कानावरून ही नावे रोज जातात. काही नावे मुलगा दहावी झाला की गळून पडतात. पण काही नावे तशी गळत नाहीत. ‘बायल्या’, ‘मीठा’, ‘छक्का’ ही त्या जातीची नावे. ज्याला ती चिकटतात, तो शाळेतून निघून गेला तरी मोहल्ल्यात ती त्याच्याआधी पोहोचलेली असतात.

नवी मुंबईतल्या ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवते, तिथे अशा नावाचा एक मुलगा आहे. त्याचे खरे नाव मी इथे लिहिणार नाही. आठवीत असताना तो माझ्या वर्गात होता. वडील एपीएमसी मार्केटमध्ये फळांच्या गाळ्यावर कामाला, आई घरी शिवणकाम करते. मुलाचे खुशखत असे की फलक लिहायचा असला की सगळे शिक्षक त्यालाच बोलावतात. नात म्हणायला उभा राहिला की सभागृह शांत होते. चालणे हलके, बोलताना हात फार हलतात, आवाज अजून फुटलेला नाही. एवढ्यावरून वर्गाने त्याला ‘आपा’ ठरवून टाकले होते.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली. हा मुलगा मधल्या सुट्टीत कधी मुतारीकडे जात नाही. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी हात वर करतो आणि परवानगी मागतो. त्याची पाण्याची बाटली दुपारपर्यंत भरलेलीच असते. एक-दोन दिवस नाही, रोज. मी त्याला काही विचारले नाही. त्याच्याच वर्गातल्या दोन समजूतदार मुलांना विचारले. मुतारीत नववीची तीन मुले त्याला गाठतात, ‘तू इथे कशाला, मुलींकडे जा’ म्हणतात, दार धरून ठेवतात, एकदा पँट ओढण्यापर्यंत मजल गेली, असे त्यांनी सांगितले. आम्ही ज्याला ‘पोरांची मस्ती’ म्हणतो, ती ही.

शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. एक सहकारी म्हणाले, “मॅडम, लडके हैं, हो जाता है.” दुसरे म्हणाले, “उसको भी तो थोडा सुधरना चाहिए.” हे दुसरे वाक्य मला जास्त खटकले. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात निकाल आहे. मार खाणाऱ्याने सुधारावे आणि मारणाऱ्याने खेळावे, हा न्याय आम्ही मुसलमानांनी तरी लगेच ओळखायला हवा. तो आम्हाला बाहेर फार वेळा ऐकवला जातो.

२०१७ साली नाझिया एरम यांचे ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे इंग्रजी पुस्तक आले. मोठमोठ्या नामांकित शाळांत आमच्या मुलांना ‘पाकिस्तानी’, ‘दहशतवादी’ म्हणून कसे हिणवले जाते, हे त्यात आयांच्या तोंडून आले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिकेने सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला वर्गातल्या इतर मुलांकरवी एकेक करून थपडा मारायला लावल्या. ती चित्रफीत पाहून आमच्या शाळेत त्या दिवशी कुणाला डबा गोड लागला नाही. महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी त्या मुलासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने राज्य सरकारला खडसावले आणि शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाची आठवण करून दिली. या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. आम्ही सगळ्यांनी त्या निकालाचे स्वागत केले. मग आमच्याच मुतारीत दार धरून ठेवले जाते तेव्हा ती ‘मस्ती’ कशी होते?

बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र होते, शालेय व्यवस्थापन होते, पाठ टाचण काढून काढून बोटे दुखली. पण मुलाचा छळ झाला तर कायदा काय म्हणतो, याची एक ओळ शिकवलेली मला आठवत नाही. म्हणून मी स्वतःच वाचायला बसले. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी. पण एखादा मुलगा डोळ्यांसमोर ठेवून वाचली की तितकी रुक्ष वाटत नाही.

संसदेने केवळ शाळेतल्या छळासाठी असा वेगळा कायदा केलेला नाही. सीबीएसईने २०१५ साली आपल्या शाळांना दादागिरी रोखण्याबाबत सूचना दिल्या, पण आम्ही राज्य मंडळाचे. मात्र महाराष्ट्राजवळ १९९९ पासून एक कायदा आहे, रॅगिंग प्रतिबंध कायदा. रॅगिंग म्हणजे कॉलेज आणि वसतिगृह असे आपण धरून चालतो. कायद्याची व्याख्या त्याहून रुंद आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था तीत येते. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन म्हणजे रॅगिंग. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, अंगलट येणारी थट्टा हे सगळे त्यात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मला त्यातले कामाचे वाटले ते दुसरेच. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे. त्याने कानाडोळा केला तर गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना कोणी तुरुंगात घालावे असे मला वाटत नाही, त्यांच्यासाठी बाल न्याय मंडळाची वेगळी व्यवस्था आहेच. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर ‘सात दिवस’ हे दोन शब्द ठेवता येतात, ही मोठी गोष्ट आहे.

हा कायदा आमच्या वाचकांना एका दुःखद कारणाने ठाऊक असायला हवा. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने आत्महत्या केली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून जो गुन्हा नोंदवला गेला, त्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबरोबर १९९९ चा हा कायदाही होता. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी मिळून उच्च शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पायलच्या घरच्यांनी ती हयात असताना तक्रार केली होती. ती ऐकली गेली असती तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता १७ व्या कलमाकडे परत येते, कारण तिथे आमच्यासाठी एक गाठ आहे. २०१४ च्या प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही. आमच्या बहुतेक खाजगी उर्दू शाळा अल्पसंख्याक दर्जाच्या. म्हणजे ज्या कलमाने मुजफ्फरनगरच्या मुलाची बाजू घेतली, ते आमच्याच शाळेतल्या मुलाच्या वाट्याला सरळ येत नाही! १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी प्रमतीच्या निकालावर शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितले. या निकालाची आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली, पण ती सगळी टीईटीची. कुणाला परीक्षा द्यावी लागेल, कुणाची निवृत्ती पाच वर्षांच्या आत आहे, कुणाची नोकरी जाईल. नोकरीची काळजी मलाही आहे, ती खोटी नाही. पण त्या आठवड्यात मुलांच्या पाठीवरच्या वळांचा विषय एकदाही निघाला नाही. संस्था चालवण्याचा हक्क घटनेने आम्हाला दिला तो भाषा आणि तहजीब जपायला. मुलाला मारण्याची सवलत म्हणून तो कुणी वापरू नये.

मुलगा ‘वेगळा’ असेल तर? माझा विद्यार्थी पुढे कोण होईल हे मला माहीत नाही, त्यालाही नसेल, आणि आठवीच्या मुलाला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण अशी मुले असतात. २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांचे माणूसपण मान्य केले, २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाचा सज्ञानांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांपुरता भाग रद्द झाला. लक्ष्मी नारायण त्रिपाठी ठाण्याच्या, आमच्या खाडीपलीकडच्या. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या आत्मकथनात त्यांनी आपले चिडवले गेलेले बालपण सांगितले आहे. तामिळनाडूत युनेस्कोने सहोदरन संस्थेबरोबर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा साधारण ६० टक्के लोकांनी माध्यमिक शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले. तक्रार करणारे फक्त १८ टक्के. फेब्रुवारी २०२२ मध्ये फरिदाबादला दहावीतल्या मुलाने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनला सोळा वर्षांच्या मुलाने जीव दिला. दोघांनाही ‘तू मुलासारखा नाहीस’ याच गोष्टीवरून सतावले गेले होते. आणि शिक्षकांना हे समजावणारी एनसीईआरटीची पुस्तिका २०२१ मध्ये निघाली, ती काही दिवसांतच आरडाओरड झाल्यावर काढून घेण्यात आली. आमच्या हाती ती पडलीच नाही.

आमच्याकडे इथे एक शंका हमखास निघते: “म्हणजे आम्ही हे सगळे जायज मानायचे का?” मी आलिमा नाही, फतवा देत नाही. एवढेच सांगते की सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास साफ मनाई आहे, आणि त्या मनाईत कुणाचा अपवाद मला तरी सापडला नाही. आमच्या फिकहच्या जुन्या ग्रंथांत ‘खुन्सा’च्या वारशाचे, नमाजातल्या जागेचे मसले आहेत. म्हणजे अशी माणसे समाजात असतात हे त्या काळच्या फकीहांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्यांच्यासाठी जागा शोधली. जायज-नाजायजची चर्चा मोठ्यांनी खुशाल करावी. तोवर मुलाला लघवीला तर जाऊ द्यावे!

मुलाच्या आईला बोलावले. ती बुरख्याचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “टीचर, लिखके मत दो. इसके अब्बा को मालूम पडा तो पहले इसी को मारेंगे.” बापाला लाज मुलाला मारणाऱ्यांची नव्हती, मुलाच्या चालण्याची होती. मी तिला म्हटले, “आपा, नाव न लिहिता लिहिते.” आणि तसेच लिहिले: मुतारीत लहान मुलांना अडवले जाते, कपडे ओढले जातात, १९९९ च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत चौकशी व्हावी. कपडे ओढण्याबद्दल मी मुख्याध्यापकांना हेही सांगितले की २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलगा आणि मुलगी असा फरक नाही, आणि त्या कायद्याखालचा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हाच. ते बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, “आप तो वकील हो गईं.” पण पाचव्या दिवशी तिन्ही मुलांच्या पालकांना बोलावले गेले. दोघे ओशाळले. तिसरे गुरगुरत गेले की एका तसल्या मुलापायी आमच्या मुलाला बदनाम करता.

त्याच सुमारास, २५ जुलै २०२५ रोजी, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याबाबत पंधरा निर्देश दिले. कायदा होईपर्यंत ते सर्व शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहेत. जात, वर्ग, लिंगभाव, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म किंवा वंश यांवरून होणाऱ्या छळाची गुप्तपणे तक्रार करता येईल अशी यंत्रणा प्रत्येक संस्थेत हवी, असे त्यांत आहे. ही यादी मी दोनदा वाचली. धर्म आणि लैंगिक कल एकाच ओळीत. मुजफ्फरनगरचा मुलगा आणि माझा विद्यार्थी एकाच वाक्यात आले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असेही निर्देश आहेत.

आमच्या शाळेत चारशेच्या वर मुले आहेत. समुपदेशकासाठी पत्र गेले. पद मंजूर नाही, असे तोंडी उत्तर आले. लेखी अजून यायचे आहे. तक्रारपेटी मात्र लागली. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती कागदावर होती, बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर तिचा फलकही भिंतीवर आला होता. आता तिची बैठक होते. सावित्रीबाईंच्या अंगावर शाळेत जाता-येता शेण टाकले जात असे हे आम्ही तिसरीपासून शिकवतो, त्यामुळे नाव चांगलेच आहे. मी बैठकीत मुलांचा विषय काढला तेव्हा एक बाई म्हणाल्या की ही समिती तर मुलींसाठी. मी शासन निर्णय पुढे ठेवला.

समुपदेशक येईपर्यंत आम्ही मधल्या सुट्टीत पाळ्या लावल्या आहेत. मुलांच्या मुतारीकडच्या व्हरांड्यात एक शिक्षक खुर्ची टाकून बसतो. बाईमाणसाने तिथे बसावे का, यावरही आठ दिवस वाद झाला. आता मंगळवार आणि शुक्रवार माझा. तो मुलगा नववीत गेला आहे. पाण्याची बाटली दुपारच्या आत रिकामी होते. ‘आपा’ हे नाव मात्र बसस्टॉपवर अजून ऐकू येते.