रंधा आणायला सोलापूरला

भोरजवळ आमची एक छोटी सुतारशाळा आहे. दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुलं तिथे दारं-खिडक्यांच्या चौकटी, शाळांचे बाक, पाट, पाळणे करायला शिकतात. हातरंध्यावर हात बसला की पुढची पायरी मशीनची. आम्हाला बारा इंची रंधा मशीन हवं होतं, ओतीव लोखंडाचं, जड अंगाचं. नव्या मशीनसाठी व्यापारी राजकोट, लुधियाना अशी नावं सांगत होते. पण आमच्या पैशांत जे बसत होतं ते पत्र्याच्या अंगाचं होतं आणि जे मनात भरत होतं त्याला आमचं वर्षाचं बजेट पुरलं नसतं. पुण्यातल्या एका मोटर वाइंडिंगवाल्यांनी सुचवलं, "सोलापूरला जाऊन बघा. तिथं मागाच्या जिवावर सुतारही जगला. जुनं मशीन असणारच."

संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस धरली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना इंग्रज सरकारने १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या स्मरणाची ही गाडी. दौंड मागे पडलं, अंधारातून उसाचे फड सरकत राहिले आणि कुर्डुवाडीला गाडी थांबली. १८९७ मध्ये सुरू झालेल्या अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेचं हे ठाणं. तिच्या इंजिन-डब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना इथेच होता. रेल्वे नि गिरण्या यांच्या आसऱ्याने या पट्ट्यात फिटर, लोहार, खरादी, सुतार यांच्या पिढ्या घडल्या. यंत्र मोडलं तर फेकायचं नाही, उघडायचं, ही सवय त्यांनी लावली. जुन्या मशीनच्या शोधात निघालेल्याला अशी सवय असलेलं गावच उपयोगी पडतं.

सकाळी स्टेशनजवळ कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा नाश्ता करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे रिक्षा केली. या शहरात कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली ती १८७७ मध्ये, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाऊ लागली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग, मग यंत्रमाग चालवले आणि सोलापुरी चादर देशभर पोचवली. मोठ्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. यंत्रमागाची खटखट मात्र अशोक चौकाच्या पलीकडे गेलं की अजून कानावर येते.

त्या खटखटीत लाकडाचा मोठा वाटा होता. धोट्याच्या मागात धोटा मिनिटाला शंभरेक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. फेकणारी काठी लाकडाची, धोटा लाकडाचा, फणी धरणारा हात्याही लाकडाचा. मार खाऊन हे सगळं झिजतं, तडकतं, बदलावं लागतं. म्हणून गिरणीत सुतारखाना असायचा आणि गल्लीत मागाची लाकडं करणारा सुतार. आता बिनधोट्याचे रेपियर माग आले. त्यांना ना धोटा लागतो, ना ती काठी. दुसरीकडे घरांच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, दारं तयार येऊ लागली, कपाटं प्लायवूडची झाली. प्लायला रंधा लागत नाही. या दोन्ही बदलांच्या मधे सोलापूरचा रंधा बंद पडला. तो स्वस्तात मिळतो त्याचं कारण हे आहे. मशीन बिघडलेलं नसतं, त्याचं काम गेलेलं असतं.

एमआयडीसीत जुनी मशिनरी विकणाऱ्या एका दुकानात पहिला रंधा पाहिला. हिरवा ताजा रंग, चकचकीत टेबल, किंमतही बरी. पिशवीतून सरळपट्टी, गुण्या, फीलर गेज, लोहचुंबक आणि टॉर्च काढली. ताज्या रंगाच्या जुन्या मशीनकडे संशयानेच पाहावं लागतं. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं, आणि तडा पुटी भरून रंगाखाली सहज झाकता येतो. लोहचुंबक अंगावरून फिरवत नेला. पायाच्या कोपऱ्यात त्याची पकड एकाएकी ढिली पडली. छोट्या हातोडीने हलकेच वाजवून पाहिलं. अख्ख्या ओतकामाचा आवाज खणखणीत येतो, इथे बद्द आला. कटरचा गाळाही जुन्या चौकोनी घडणीचा होता. चौकोनी गाळा फिरताना टेबलाच्या ओठाशी मोठी फट पडते, बोट गेलं की आत खोल ओढलं जातं. म्हणून जगभर गोल गाळा आला. मुलांच्या शाळेत चौकोनी गाळा फुकट मिळाला तरी ठेवू नये. दुकानदारांना नमस्कार करून बाहेर पडलो.

दुपारी एका बंद पडलेल्या सॉ मिलमध्ये गेलो. शेडमध्ये ओंडके चिरायचा मोठा बँडसॉ उभा होता. चाकं शाबूत, किंमत भंगाराची. मोह होण्यासारखा सौदा होता, पण तिथे कायदा आधी बघावा लागतो. ओंडके चिरायच्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून दिलेल्या आदेशांनंतर ही बाब फार कडक झाली. मशीन विकत मिळतं, त्याबरोबर परवाना मिळत नाही. ज्यांना असा बँडसॉ स्वस्त दिसेल त्यांनी पैसे मोजण्याआधी आपल्या भागातल्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन नियम विचारावेत. बऱ्याचदा स्वस्ताईचं खरं कारण तिथे कळतं.

त्या शेडच्या राखणदारांनीच पुढचा पत्ता दिला. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे सुतार राहतात, त्यांनी रंधा झाकून ठेवलाय, म्हणाले. गल्लीत शिरलो. एका घरात माग चालू होता, शेजारच्या ओट्यावर बायका तेलुगूत बोलत कांड्या भरत होत्या. पुढच्या पत्र्याच्या शेडपाशी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बसलेले.

"काय बघूलालाव?"

"मामा, रंधा बघायचाय. पुण्याकडनं आलोय. मुलांच्या सुतारशाळेला हवाय."

शाळा म्हटल्यावर ते उठले. आत घरात तेलुगूत चहाचं सांगितलं आणि गोणपाटं ओढून काढली. खाली बारा इंची रंधा होता. रंग उडालेला, पण टेबलावर तेलाचा पातळ थर. बंद मशीनला तेल लावून ठेवणारा मालक भेटला की निम्मी तपासणी झालीच म्हणायची.

उरलेली निम्मी नीट केली. सरळपट्टी टेबलावर लांबीला, रुंदीला, तिरपी ठेवून खालून टॉर्च धरली. उजेडाची रेघ कुठेच जाड झाली नाही. पुढचं आणि मागचं टेबल एका पातळीत आणून पट्टी दोन्हींवर टाकली, तिथेही ठीक. पूर्वीचे चांगले कारखाने ओतकाम झाल्यावर महिनोन्महिने उघड्यावर मुरत ठेवायचे, मगच त्यावर मशीनिंग करायचे, म्हणजे लोखंडातला ताण आधीच निघून जायचा. इंग्लंडातल्या लेस्टरच्या वॅडकिन कंपनीची जुनी मशीनं आजही हौशी लोक शोधून शोधून दुरुस्त करतात, ती अशा मुरलेल्या वजनदार अंगासाठीच. मामांच्या मशीनवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, पण अंग त्याच जातीचं होतं.

मग पट्टा काढून गाळा हाताने फिरवला. गाळा गोल होता. फिरताना एका बाजूच्या बेअरिंगमधून खरखर आली. शाफ्ट धरून वर-खाली हलवला तर किंचित खेळ होता. यामुळे सौदा मोडत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो सांगितला की कुठल्याही तालुक्याच्या गावात नवं मिळतं. मोटर तीन एचपीची, थ्री फेज, १४४० फेऱ्यांची. मोटरची पुली आठ इंची, गाळ्याची तीन इंची, म्हणजे गाळ्याला मिनिटाला ३८४० फेरे. अशा गाळ्याला हा वेग योग्य. आमच्याकडे थ्री फेज वीज आहे. ज्यांच्याकडे फक्त घरगुती सिंगल फेज असेल त्यांनी मोटर बदलण्याचा किंवा ड्राइव्ह बसवण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत. पात्यांची रुंदीही मोजून घ्यावी. धार लावून लावून पातं अरुंद झालं की गाळ्याची पकड त्याला पुरत नाही, आणि सुटलेलं पातं जीवघेणं ठरतं.

किमतीचं बोलणं निघालं तेव्हा मामांनी सरळ सांगितलं. भंगारवाला वजनावर भाव देऊन गेला होता, पण त्यांनी मशीन दिलं नाही. मुलगा धंद्यातच आहे, मॉड्युलर किचन करतो. त्याला प्लाय कापायचं मशीन लागतं, हे नाही. "चाळीस वर्ष खाल्लं याच्यावर. फोडायला कसं देऊ?" भंगारापेक्षा थोडा जास्त आणि नव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असा आकडा त्यांनी सांगितला. तो मला रास्त वाटला आणि मी तोच दिला. घासाघीस दुकानदाराशी जरूर करावी. ज्याने मशीन आयुष्यभर जपलं त्याच्याशी अखेरच्या हजारासाठी ओढाताण करण्यात काही मिळत नाही. उलट त्याच्याकडून घेण्यासारखी मोलाची वस्तू मशीनबरोबर तोलली जात नसते.

ती वस्तू त्यांनी लगेच दिली. फळीवरून सागाची एक पट्टी काढली, जेमतेम वीतभर लांब, कडा काचेसारखी सरळ. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा. पाती कशी बसवायची ते त्यांनी करून दाखवलं. मेन स्विच बंद, पट्टा उतरवलेला. सागाची पट्टी मागच्या टेबलावर अशी ठेवायची की तिचं टोक गाळ्यावर येईल आणि पहिली रेघ टेबलाच्या कडेवर. गाळा हाताने सावकाश फिरवायचा. पात्याची धार पट्टीला खालून लागते आणि तिला पुढे ओढून नेते. ओढली गेल्यावर दुसरी रेघ बरोबर कडेवर आली पाहिजे. दोन रेघांमधलं अंतर तीन-चार मिलिमीटर. डाव्या टोकाला, मधे, उजव्या टोकाला आणि प्रत्येक पात्याला पट्टी तेवढीच सरकली की सगळी पाती एका उंचीवर. त्यांनी एक पातं मुद्दाम केसभर वर घेतलं, पट्टी दुसऱ्या रेघेच्या पुढे गेली. "हे एकटंच काम करतंय बघा. बाकीचे नुसते फिरूलालेत. लाकडावर लाटा येतात त्या यानं." मग बोल्ट मधल्यापासून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळायचे, एकदम एक आवळायचा नाही, हेही त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. डायल गेजच्या किमतीचं काम त्या लाकडाच्या तुकड्यावर होत होतं.

पट्टा चढवून त्यांनी मशीन सुरू केलं आणि बाभळीची एक फळी त्यावरून नेली. तळवा कधीही गाळ्याच्या वर येऊ द्यायचा नाही, फळी पुढे गेली की हात मागच्या टेबलावर उचलून ठेवायचा, आखूड तुकडा ढकलकाठीशिवाय घालायचाच नाही. त्यांच्या दहाही बोटांकडे बघून या नियमांवर विश्वास बसत होता. गाळ्यावरचं झाकण मात्र केव्हाच हरवलेलं होतं. ते नवं करून बसवल्याशिवाय मशीनला मुलांचा हात लावायचा नाही, हे तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा हत्ती आणि हमाल आले. टेबलं धरून मशीन उचललं तर सरळ टेबल कायमचं बिघडतं, म्हणून पट्टा अंगाखालून घेतला. खाली पाइपाचे तुकडे टाकून मशीन शेडच्या दारापर्यंत सरकवलं आणि चेनपुलीने गाडीत चढवलं. मोटर सोडवून वेगळी बांधली. मामांनी सागाची पट्टी, जादा पात्यांचा जोड आणि पान्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मुलाने मशीनचं वर्णन आणि मोटरचा नंबर घालून बिल करून दिलं.

मोहोळ, टेंभुर्णी करत गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. भीमानगरला उजनीची भिंत दिसली, इंदापूर मागे पडल्यावर भिगवणच्या बाजूला धरणाचं पसरलेलं पाणी. चालक सोलापूरचाच. त्याच्या घरचे माग वजनावर विकले गेले होते. मागाचं बीड किती किलो भरलं हे त्याला पाठ होतं. तो माग कोण चालवत होतं, कसा लावत होतं, हे विचारायला मात्र कुणीच आलं नव्हतं, असं तो म्हणाला.

मशीन आता आमच्या शाळेत चालू आहे. बेअरिंगचा जोड नवा, झाकण नवं, वायरिंग नवं, अर्थिंग पक्कं. एवढं सगळं धरूनही खर्च नव्या मशीनच्या निम्म्याच्या आत राहिला.

गावात सुतारकामाचं वर्कशॉप टाकू पाहणाऱ्या तरुणांना माझं सांगणं एवढंच. कर्ज काढून हलकं नवं मशीन घेण्याआधी सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव अशा मागांच्या गावांत एक फेरी मारा. सरळपट्टी आणि टॉर्च बरोबर न्या, परवान्याची चौकशी आधी करा, आणि शक्यतो मशीन ज्याने चालवलं त्याच्याकडूनच घ्या. ज्यांच्या शेडमध्ये असं मशीन गोणपाटाखाली पडून आहे त्यांनाही विनंती आहे. वजनावर विकण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये, सुतारशाळेत, एखाद्या होतकरू पोराकडे निरोप धाडा. मशीनबरोबर ते चालवायची रीतही त्याला दाखवा. भंगारवाला लोखंडाचे पैसे देईल, त्या रीतीचा त्याला काही उपयोग नाही.